बाळंतपणानंतर रक्त किती गेलं : ‘अंदाजे २५० मिली’च्या पलीकडे

प्रश्न थोडक्यात असा आहे. सिंधुदुर्गातलं एक प्राथमिक आरोग्य केंद्र. महिन्याला आठ-दहा बाळंतपणं, रात्रपाळीला एक स्टाफ नर्स आणि एक आया. जवळपास प्रत्येक केसपेपरवर ‘रक्तस्राव : अंदाजे २५० मिली’ असं लिहिलेलं असतं. तरीही वर्षातून दोन-तीनदा एखादी बाळंतीण तास-दीड तासाने पांढरीफटक पडते आणि पुढे पाठवायची धावपळ होते. रक्त मोजायचा ड्रेप, म्हणजे अंगाखाली घालायचं खुणांचं प्लास्टिक, पुरवठ्यात नाही. मोजायचं कसं, आणि मोजून करायचं काय?

आधी त्या २५० कडे बघू. तो आकडा मोजलेला नाही, सवयीने लिहिलेला आहे. नॉर्मल बाळंतपण म्हणजे २५०, जरा जास्त वाटलं तर ३५०, आणि बाई थंड पडली की मग मागे जाऊन ‘अंदाजे ८००’. रक्त एका जागी साठत नाही, म्हणून नजर चुकते. थोडं बादलीत जातं आणि तिथे गर्भजलात मिसळतं, थोडं अंगाखालच्या कापडात मुरतं, थोडं पाठीखालून कमरेपर्यंत सरकतं, उरलेलं फरशीवर पडतं आणि आया ते पुसूनही टाकते. रक्त कमी गेलं असलं तर डोळा ते फुगवून सांगतो, जास्त गेलं असलं तर कमी करून सांगतो. म्हणजे जिथे चूक परवडत नाही तिथेच तो दगा देतो. अनुभवानेही हे सुधारत नाही. वीस वर्षं नोकरी झालेली सिस्टर आणि नवी सिस्टर, दोघींचे अंदाज सारखेच चुकतात. फरक इतकाच की जुन्या सिस्टरचा आकडा कुणी खोडत नाही.

नजरेच्या या चुकीचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. आंबोली घाट चढून चंदगड तालुका ओलांडला की बेळगाव जिल्हा लागतो. तिथल्या गावांत २००२ ते २००५ या काळात मिझोप्रोस्टॉलवर, म्हणजे गर्भाची पिशवी आकसवणाऱ्या गोळीवर, मोठा अभ्यास झाला. त्यात १,६२० बायका होत्या आणि बाळंतपणं घरी किंवा उपकेंद्रात, एएनएमच्या, म्हणजे गावातल्या नर्सच्या, हातची होती. बाळ झाल्यावर ६०० मायक्रोग्रॅम मिझोप्रोस्टॉल तोंडाने दिल्यावर ५०० मिलीच्या वर रक्त जाणाऱ्यांचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं. एएनएमना नेमकं मोजता यावं म्हणून याच कामासाठी एक साधा प्लास्टिकचा ड्रेप तयार केला होता. त्याला खाली निमुळता खिसा आणि खिशावर मिलीच्या खुणा. नजरेचा अंदाज त्या ड्रेपशी ताडून पाहिला तर नजर ३३ टक्क्यांनी कमी निघाली. आज जगभर वापरतात तो ड्रेप याच घराण्यातला.

पण नुसता ड्रेप लावल्याने बायका वाचत नाहीत, आणि ही गोष्ट ड्रेपची मागणी करण्याआधीच समजून घ्यायला हवी. युरोपातल्या १३ देशांत, ७८ प्रसूतिगृहांत, पंचवीस हजारांवर बाळंतपणांमध्ये अशी रक्त मोजायची प्लास्टिक पिशवी लावून बघितली. अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. गंभीर रक्तस्राव पिशवी लावलेल्यांत १.७१ टक्के आणि न लावलेल्यांत २.०६ टक्के, म्हणजे सांगण्यासारखा फरक नाही. मोजलं, पण मोजल्यावर अमुक आकड्याला अमुक करायचं हे ठरलेलंच नव्हतं. मग २०२३ मध्ये ई-मोटिव्ह नावाच्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका, टांझानिया इथली ८० रुग्णालयं आणि दोन लाखांवर बायका. तिथे ड्रेप होताच, शिवाय आकडा गाठताच पाच गोष्टी एकदम करायच्या असं ठरवून दिलं होतं. एक लिटरच्या वर रक्त जाणं, रक्तस्रावासाठी पोट उघडावं लागणं किंवा रक्तस्रावाने मृत्यू, हे तिन्ही मिळून ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं. म्हणून तुमच्या प्रश्नाचे दोन्ही भाग एकत्रच सोडवावे लागतात. मोजणी आणि तिला बांधलेली कृती यांतलं एक सोडून दुसरं केलं तर पदरात काही पडत नाही.

आता ड्रेप नसताना मोजायचं कसं ते सांगते.

एक स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या, ५ किलोचा, एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा. लेबर रूममध्ये त्याची जागा ठरवून ठेवा, नाहीतर तो पंधरा दिवसांत औषधांच्या खोलीत जातो. मग कोरडी वजनं घ्या : तुमचा पॅड, तुमचा गॉज, तुमची ड्रॉशीट (कमरेखाली घालायची आडवी चादर). ती कागदावर मोठ्या अक्षरात लिहून काट्याच्या वर चिकटवा. दुसरीकडची वजनं उतरवून घेऊ नका, कारण कापसाचा पुरवठादार बदलला की पॅडचं वजनही बदलतं. आपल्याकडे आणखी एक भानगड आहे. जुलैच्या हवेत कोरडा पॅडही ओल धरतो आणि ऑटोक्लेव्हमधून काढलेला गॉज नीट सुकलेला नसतो. म्हणून पावसाळा सुरू झाला की कोरडी वजनं पुन्हा एकदा घ्या.

बऱ्याच बायका घरून जुनं सुती लुगडं नाहीतर धोतराचे तुकडे आणतात. ते काढून टाकायला लावू नका, ते मऊ असतं आणि घरच्यांचा जीव त्यात असतो. अंगाखाली घालण्याआधी तेवढं काट्यावर ठेवा आणि आकडा तळहातावर नाही, केसपेपरच्या कोपऱ्यात लिहा. भिजलेल्या वजनातून कोरडं वजन वजा केलं की उरलेले ग्रॅम म्हणजे तितके मिली रक्त. रक्त पाण्यापेक्षा किंचित जड असतं, त्यामुळे या हिशेबात पाचेक टक्के जास्त येतात. तेवढी चूक चालेल.

जे कापडात मुरत नाही ते भांड्यात धरायचं. बाईच्या नितंबाखाली मेणकापड असं घाला की त्याच्या दोन्ही कडा गुंडाळून पन्हळ होईल आणि टोक टेबलाच्या खाली लोंबेल. त्या टोकाखाली एक लिटरचा खुणांचा प्लास्टिक जग ठेवा. टेबलाची डोक्याकडची बाजू थोडी उंच हवी, नाहीतर रक्त पाठीकडे वाहतं आणि जग रिकामा राहतो. किडनी ट्रे वापरत असाल तर एकदा त्यात पाणी ओतून तो किती मिलीला भरतो ते बघा आणि आतून खूण करा. एकाच कपाटातल्या दोन ट्रेंमध्येही फरक निघतो. जगातला आकडा वाचताना खाली वाकून डोळा खुणेच्या पातळीला आणा, उभ्याने वाचलेला आकडा चुकतो.

जग कधी लावायचा हे सगळ्यात महत्त्वाचं. बाळ बाहेर आलं, मागचं पाणी वाहून गेलं, की मग. आधी लावलात तर गर्भजल मोजलं जातं, आकडा पाचशेच्या वर जातो, दोन-तीनदा असं झालं की सगळ्यांचा मोजणीवरचा विश्वास उडतो आणि काटा परत औषधांच्या खोलीत जातो. लघवीचंही तसंच. बाळंतपणाआधी मूत्राशय रिकामं केलेलं असलं तर ही अडचण येत नाही. शिवाय भरलेलं मूत्राशय पिशवीला, म्हणजे गर्भाशयाला, आकसू देत नाही. बेंबीच्या वर आणि उजवीकडे सरकलेली मऊ पिशवी हाताला लागली तर औषधांच्या आधी लघवी काढा. गुठळ्याही जगात टाकायच्या, किंवा काट्यावर ठेवायच्या. ‘गुठळ्या काढून टाकल्या’ असं लिहून त्या हिशेबातून वगळणं ही नेहमीची चूक आहे. टाके घालताना अनेकदा जग बाजूला सरकवला जातो, आणि एपिझिओटॉमीतून, म्हणजे बाळासाठी दिलेल्या चिरेतून, जाणारं रक्त नेमकं त्याच वेळी जात असतं.

पहिला एक तास दर पंधरा मिनिटांनी तीन गोष्टी बघायच्या : जगातला आकडा, रक्ताची धार, पिशवीचा घट्टपणा. पिशवी सोललेल्या नारळासारखी लागली पाहिजे. शहाळ्याच्या मलईसारखी लागली तर चोळा. त्याच तासात पल्स आणि बीपी निदान एकदा, आणि आकडा वाढताना दिसला तर दर वेळी. तासानंतरही धार चालू असेल तर आणखी एक तास मोजत राहा.

आता एक हिशेब करून बघू. लुगड्याचे दोन तुकडे कोरडे १८० ग्रॅम, भिजल्यावर ३४५. म्हणजे १६५ मिली. जगात १४० मिली. एकूण ३०५. पल्स १०८, बीपी १०४/७०. जुन्या पद्धतीने हिच्या केसपेपरवर ‘अंदाजे २५०, बीपी नॉर्मल’ असंच लिहिलं गेलं असतं, आणि बीपी खरंच नॉर्मल दिसतंय. पण गरोदरपणात अंगातलं रक्त जवळपास निम्म्याने वाढलेलं असतं, त्यामुळे बीपी फार उशिरापर्यंत तग धरतं आणि मग एकदम कोसळतं. पल्स आधी बोलतो. पल्सला वरच्या बीपीने भागा : १०८ भागिले १०४, म्हणजे एकाच्या वर. भागाकार करत बसायची गरज नाही. पल्सचा आकडा वरच्या बीपीच्या पुढे गेला की धोका, आणि त्याच्या जवळ येऊ लागला, म्हणजे ०.९ झाला, की सावध. ऑक्टोबर २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने व्याख्याच बदलली. ५०० मिलीची वाट बघायची नाही. मोजलेलं रक्त ३०० मिली असेल आणि सोबत पल्स १०० च्या वर, किंवा वरचं बीपी १०० च्या खाली, किंवा खालचं ६० च्या खाली, किंवा पल्स-बीपीचं गुणोत्तर एकाच्या वर, यातलं एक जरी असेल तरी अतिरक्तस्राव धरायचा आणि उपचार सुरू करायचे. वरच्या हिशेबातल्या बाईला उपचार लागतात, ते याच क्षणी.

त्यातही आपल्याकडची बाई बहुतेक वेळा आधीच रक्ताने कमी असते. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आहे. हिमोग्लोबिन ७ असलेल्या बाईला ३०० मिली जितके जड जातात तितके १२ वालीला ५०० ही जात नाहीत. लेबर रूमच्या पाटीवर तिच्या नावापुढे हिमोग्लोबिन लाल शाईने लिहा. आणि ती काय बोलते ते ऐका. ‘माका घेरी येता’, ‘थंडी वाजता’, उगाच कासावीस होणं, पाणी पाणी करणं, हे नखरे नाहीत. बाहेर रक्त दिसत नसताना बाई असं म्हणत असेल तर रक्त आत साठतंय : पिशवीत गुठळ्या धरल्या आहेत, किंवा योनीच्या भिंतीत रक्त साकळलंय. दुसऱ्या प्रकारात बाई शौचाला लागल्यासारखं वाटतंय म्हणते आणि दुखणं टाक्यांच्या मानाने फार जास्त असतं. तिथे जग काहीच दाखवणार नाही.

घरच्यांकडून एक वाक्य हमखास येतं : ‘जाऊं दे, वायट रगात भायर पडता.’ वाद घालू नका. जग दाखवा आणि सांगा, इथपर्यंत ठीक, या रेघेच्या वर गेलं की आम्ही सुई देणार. आकडा दिसला की सासूबाईसुद्धा रेघेवर नजर ठेवून बसतात.

रेघ, म्हणजे वर सांगितलेली अतिरक्तस्रावाची खूण, गाठली की करायच्या पाच गोष्टी : पिशवी चोळणं, ऑक्सिटोसिन (पिशवी आकसवणारं इंजेक्शन), ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड (गुठळी टिकवून रक्त थांबवणारं इंजेक्शन), सलाईन, आणि रक्त कुठून येतंय ते तपासून वर कळवणं. सगळं पंधरा मिनिटांच्या आत. आपल्याकडे हे पायऱ्या चढल्यासारखं केलं जातं. ऑक्सिटोसिन दिलं, वीस मिनिटं वाट पाहिली, थांबलं नाही म्हणून मिझोप्रोस्टॉल, पुन्हा वाट, मग डॉक्टरांना फोन. प्रत्येक पायरी आपल्या जागी बरोबर असते आणि सगळ्या मिळून तास जातो. कोकणात तो तास पुढच्या रस्त्याला लागणार असतो.

प्रमाणं लिहून देते, तुमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांची सही घेऊन हीच भिंतीवर लावा. लेखी आदेश आधीच असला की रात्री दोनला फोन लागण्याची वाट बघावी लागत नाही. बाळ झाल्यावर मिनिटभरात दिलेलं १० युनिट ऑक्सिटोसिन स्नायूत, हे प्रतिबंधासाठी झालं. आपल्याकडे मिळणारी ॲम्प्यूल बहुतेक वेळा ५ युनिटची असते, म्हणजे दोन फोडायच्या. लेबल वाचा, कारण एकच फोडून ‘दिलं’ लिहिलेलं अनेकदा सापडतं. रक्तस्राव सुरू झाल्यावर २० युनिट एक लिटर रिंगर लॅक्टेटमध्ये (हेही एक सलाईनच), मिनिटाला ४० ते ६० थेंब. शिरेत एकदम ढकलायचं नाही, बीपी कोसळतं.

इथे एक गफलत होते ती जवळून बघा. २० थेंबांना एक मिली देणारा सेट असेल तर मिनिटाला ६० थेंब म्हणजे ३ मिली, म्हणजे ती बाटली संपायला साडेपाच तास. त्या बाटलीने पिशवी आकसेल, पण गेलेलं पाणी भरून निघणार नाही. ते भरायला ती बाटली मोकळी सोडली तर ऑक्सिटोसिन एकदम जाईल. म्हणून दोन शिरा लागतात : एकीत ऑक्सिटोसिन मोजून, दुसरीत साधं रिंगर लॅक्टेट भराभर. कॅन्युला हिरवी किंवा करडी, म्हणजे १८ किंवा १६ नंबरची. निळ्या २२ नंबरमधून रक्तही नीट जात नाही. शीर सापडते तोवर घाला. बीपी उतरल्यावर ती सापडत नाही, हे सांगायला नको.

ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड १ ग्रॅम शिरेत, दहा मिनिटांत. ५ मिलीत ५०० मिलीग्रॅमवाल्या दोन ॲम्प्यूल म्हणजे १० मिली, म्हणजे मिनिटाला एक मिली. घड्याळाकडे बघत द्या, घाईत ढकललं तर ओकारी होते आणि बीपी उतरतं. बाळंतपणापासून तीन तासांच्या आतच द्यायचं, आणि जितकं लवकर तितकं बरं. २०१७ च्या, वीस हजार बायकांवरच्या अभ्यासाची आकडेवारी पुढे तपासली तेव्हा दर पंधरा मिनिटांच्या उशिराला सुमारे दहा टक्के फायदा कमी होतो असं दिसलं. अर्ध्या तासाने रक्त चालूच असेल तर दुसरा ग्रॅम. रक्त चढवत असलेल्या शिरेतून देऊ नका. आणि ‘रक्ताने कमी आहे म्हणून आधीच देऊन ठेवू’ असं करू नका. रक्तक्षयाच्या बायकांमध्ये तसं करून बघितलंय, २०२३ मध्ये निकाल आला, रक्तस्राव टळला नाही. उपजिल्हा रुग्णालयातल्यांसाठी एक धोक्याची सूचना : ही ॲम्प्यूल पाठीत द्यायच्या भुलीच्या ॲम्प्यूलसारखी दिसते, आणि चुकून पाठीत गेली तर जीव जातो. दोन्ही एका ट्रेमध्ये कधीच नकोत.

ऑक्सिटोसिनने भागलं नाही तर मिझोप्रोस्टॉल ८०० मायक्रोग्रॅम जिभेखाली, म्हणजे २०० च्या चार गोळ्या. त्यानंतर हुडहुडी आणि ताप येतो, घरच्यांना आधी सांगून ठेवा. पिशवी आकसवणारी आणखी दोन इंजेक्शनं आहेत. मेथर्जिन ०.२ मिलीग्रॅम स्नायूत, पण बीपी वाढलेलं असेल किंवा हृदयाचा आजार असेल तर नाही. कार्बोप्रॉस्ट २५० मायक्रोग्रॅम स्नायूत, दम्याच्या बाईला नाही.

एकटी सिस्टर हे सगळं करणार कसं? आयाला तीन कामं शिकवा : डबा आणणं, १०८ ला फोन लावून तुमच्या कानाला धरणं, आणि पोटावर हात ठेवून पिशवी मऊ लागली की ओरडून सांगणं. आशाताई सोबत आली असेल तर बाळ तिच्याकडे. डबा म्हणजे एकच झाकणाचा डबा, त्यात कॅन्युला, सेट, रिंगर लॅक्टेटच्या दोन बाटल्या, ट्रॅनेक्झॅमिकच्या चार ॲम्प्यूल, मिझोप्रोस्टॉलची पट्टी, कॅथेटर, सिरिंजा, रक्ताच्या नमुन्याची साधी ट्यूब. झाकणावर ‘फ्रिजमधून ऑक्सिटोसिन’ असं लिहिलेलं. डब्याला कुलूप नको, सील लावा आणि ते दर पाळीला तपासा. कुलपाची किल्ली नेमकी त्या रात्री कुणाच्या तरी पर्समध्ये घरी गेलेली असते.

ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत राहायला हवं आणि गोठताही कामा नये. फ्रीझरला चिकटलेला कप्पा नको. ऑगस्टमध्ये लाईट गेली की रात्रभर येत नाही, त्यामुळे लस नेण्याचा कॅरियर आणि घाम सुटलेले आईसपॅक तयार असू द्यात. सकाळीच सिरिंजमध्ये भरून ट्रेत ठेवायची पद्धत बंद करा, मे महिन्यात तशी सिरिंज दुपारपर्यंत उन्हाळी हवेतच पडलेली असते. मिझोप्रोस्टॉलला उष्णतेपेक्षा दमट हवा जास्त खाते. दोन्ही बाजूंनी ॲल्युमिनियम असलेली पट्टीच घ्या आणि सुट्ट्या गोळ्या काढून डबीत ठेवू नका. पट्टीला भोक पडलेली गोळी आपल्या हवेत फार दिवस कामाची राहत नाही. औषध दिलं, पण पिशवी आकसली नाही, असं पुन्हा पुन्हा होऊ लागलं तर बाईच्या आधी फ्रिजवर संशय घ्या.

औषधं चालू असतानाच रक्त कुठून येतंय ते बघायचं. सुमारे दहापैकी सात वेळा पिशवी सैल असते. पिशवी नारळासारखी घट्ट आहे आणि तरी लालभडक धार चालू आहे, तर कुठेतरी फाटलंय : ग्रीवा (गर्भाशयाचं तोंड), योनी, टाके. ऑक्सिटोसिन वाढवून ते थांबणार नाही, दाबून धरा आणि पाठवा. बाहेर आलेली वार (प्लासेंटा) तपासा, खण जुळतात का, पडदा पुरा आहे का. साध्या ट्यूबमध्ये थोडं रक्त मुठीत धरून ठेवा. सात मिनिटांत घट्ट गुठळी झाली नाही तर रक्त गोठत नाहीये, आणि मग तिला फक्त रक्तपेढी असलेली जागाच उपयोगाची.

पाठवायचं कुठे हे त्या क्षणी ठरवायचं नसतं. भिंतीवर तीन नावं हवीत आणि प्रत्येकापुढे दिवसाचा, रात्रीचा आणि पावसाळ्यातला वेळ. वेळ नकाशावरचा नको, ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरने सांगितलेला हवा. ओरोसचं जिल्हा रुग्णालय, दोडामार्ग-सावंतवाडीकडच्यांना गोव्यातलं बांबोळीचं रुग्णालय, कणकवली-वैभववाडीकडच्यांना घाट चढून कोल्हापूर. फोंडा, करूळ, आंबोली यातला कोणता घाट आज चालू आहे हे जुलैत रोज सकाळी विचारून पाटीवर लिहा. बांबोळीला जायचं तर राज्याची हद्द ओलांडून तीच गाडी जाते का, तेही आधीच विचारा. सर्वांत जवळचं गाठायचं असं नसतं, जिथे भूलतज्ज्ञ जागेवर आणि रक्त शिल्लक आहे तिथे जायचं, नाहीतर बाई दोन ठिकाणी उतरते आणि दोनदा वेळ जातो. गाडीला फोन पहिल्या औषधाबरोबरच करा. रक्त थांबलं तर गाडी परत पाठवता येते.

गाडीत नुसतं हात धरून बसायचं नाही. धार चालूच असेल तर एक हात योनीतून मुठीसारखा पिशवीच्या पुढच्या भिंतीवर, दुसरा पोटावरून पिशवीच्या मागे, आणि दोन हातांत पिशवी दाबून धरायची. घाटाच्या वळणांवर हे फार वेळ जमत नाही, हात भरून येतात. म्हणून दोघी असाल तर आलटून पालटून. रक्तदाब टिकवणारा विशेष सूट केंद्रात असेल तर निघण्याआधीच घाला, घोट्यापासून वर. तो रस्त्यात काढायचा नाही, पोहोचल्यावरही सलाईन-रक्त लागून बीपी स्थिरावल्याशिवाय नाही. सोबत चिठ्ठी : बाळ किती वाजता झालं, किती मिली गेलं आणि ते मोजून की अंदाजे, कोणतं औषध किती वाजता, ट्रॅनेक्झॅमिकचा पहिला ग्रॅम किती वाजता, शेवटचा पल्स-बीपी, रक्तगट. ‘पीपीएच (बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव), रेफर’ एवढ्या दोन शब्दांवर पुढच्या डॉक्टरला सगळं पहिल्यापासून विचारावं लागतं.

सरावासाठी खर्च नाही. कोकमाचं आगळ पाण्यात घाला, आणि नुसतं पातळ राहिलं तर ते रक्तापेक्षा जास्त पसरतं म्हणून त्यात थोडी पेज मिसळा. २००, ४००, ७०० मिली मोजून एकदा चादरीवर, एकदा लुगड्यावर, एकदा फरशीवर ओता. प्रत्येकीने आपला अंदाज चिठ्ठीवर लिहायचा, एकमेकींना न सांगता, आणि मग काटा. फरशीवरचे ७०० सगळ्यांना ४०० वाटतात की नाही बघा. डाग धुऊन निघत नाहीत, जुनी चादर घ्या.

आणि हेच पुढे तुमच्या केंद्राचा छोटा अभ्यास होऊ शकतो. पुढची तीस बाळंतपणं घ्या. प्रत्येकीत आधी नजरेचा अंदाज लिहायचा, नंतर वजन. क्रम उलटला तर अंदाज वजनाकडे झुकतो आणि अभ्यासाला अर्थ राहत नाही. शक्य असेल तर अंदाज एकीने लिहावा, वजन दुसरीने करावं. एखाद-दुसरीला फार रक्त गेलं तर सरासरी तिच्याकडे ओढली जाते, म्हणून तीसही आकडे चढत्या क्रमाने मांडून मधला बघा. लेबर रूमच्या गुणवत्तेसाठी लक्ष्य कार्यक्रम २०१७ पासून चालू आहे, त्याच्या फाईलमध्ये हे काम बसतं. वैद्यकीय अधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्या आणि तक्त्यात बाईचं नाव नको, फक्त अनुक्रमांक.

एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. मोजायला लागल्यावर तुमच्या मासिक अहवालात अतिरक्तस्रावाच्या केसेस वाढलेल्या दिसतील आणि तालुक्यावरून विचारणा येईल. ई-मोटिव्हमध्येही ड्रेप असलेल्या रुग्णालयांत ९३ टक्के रक्तस्राव ओळखले गेले, नसलेल्यांत ५१ टक्के. बाकीचे तिथेही ‘नॉर्मल’ म्हणूनच लिहिले जात होते. विचारणेच्या उत्तरात तीन रकाने जोडा : रेघ गाठल्यापासून पहिल्या औषधापर्यंतची मिनिटं, एक लिटरच्या वर गेलेल्या बायका, आणि शॉकमध्ये गेल्यावर पुढे पाठवलेल्या बायका. पहिला रकाना सोडून बाकीचे दोन मागच्या वर्षीच्या रजिस्टरमधूनही काढता येतात, फक्त त्यांच्यापुढे ‘नजरेने’ असं लिहा.